वाऱ्याकडे पाठ करून

मी वाऱ्यावर पीएचडी करते आहे असं सांगितलं की लोक मला पाऊस कधी येणार ते विचारतात. यवतमाळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथले शिपाईसुद्धा विचारतात, आणि मला सांगता आलं नाही की मग एवढी वर्षं काय शिकता, अशा नजरेने बघतात. पूर्वी मी समजावत बसायची. आता ‘बुधवारी’ म्हणून मोकळी होते.

पण इथे सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हवा सरळ वाहत नाही. तिच्यात भोवरे असतात, भोवऱ्यांत लहान भोवरे, त्यांच्यात आणखी लहान. कॉम्प्युटरवर ही हवा मांडायची तर जागेचे चौकोनी डबे पाडावे लागतात आणि प्रत्येक डब्यात हवेचा वेग काढावा लागतो. डब्याहून मोठा भोवरा दिसतो, डब्याच्या आत मावणारा दिसत नाही. दिसत नाही म्हणून तो नाहीच, असं धरता येत नाही, कारण हे न दिसणारे भोवरे दिसणाऱ्यांना ओढतात, ढकलतात, दमवतात. या ओढाताणीला आम्ही सूक्ष्म ताण म्हणतो. तो मोजता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो, आणि अंदाजाला अंदाज म्हटलं तर कोणी पदवी देणार नाही म्हणून त्याला मॉडेल म्हणतात.

जुनं मॉडेल असं मानतं की लहान भोवरे मोठ्यांकडून फक्त घेतात. मोठे रांधतात, लहान खातात, विषय संपला. नवं मॉडेल म्हणतं की कधीकधी लहानसुद्धा मोठ्यांच्या ताटात वाढतात. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही कितीतरी दिवस किरकोळच वाटत होतं, मग माझा भाऊ आजारी पडला.

आमचं गाव पांढरकवड्याच्या रस्त्यावर फाट्यापासून आत आहे. वावर दादाच करतो. कापूस, मध्ये तूर. मागच्या वर्षी फवारणी करून आला आणि अंगणात बसला तो उठेचना. डोळ्यांना सगळं अंधूक दिसत होतं, तोंडातून लाळ गळत होती, उलट्या थांबत नव्हत्या. यवतमाळला सरकारी दवाखान्यात आणला. मी तिथे पोचले तेव्हा तो पलंगावर आडवा होता आणि मला बघून, तुझी सुट्टी कशाला घालवलीस, असं म्हणाला. तो बरा झाला. पण वहिनी त्या दिवसापासून बदलली. पंप नुसता ओट्यावर ठेवलेला दिसला तरी ती तिथून उठून जाते.

यंदा भाद्रपदात तिचा फोन आला. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, तुडतुडे पडलेत, दोन-चार दिवसांत फवारावं लागेल, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, “ताई, तुमी वाऱ्याचंच शिकून राह्यल्या ना. मंग यायले सांगा, कोणीकडं तोंड करून फवारा लागते थे.”

मला हे सोपं वाटलं. उलट आनंदच झाला. घरच्यांनी आजवर माझ्या शिक्षणाबद्दल विचारलेला पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं मला वाटत होतं. औषधाच्या दुकानात सांगतात, डब्यावर चित्र असतं, कृषी खात्याचा माणूस सभेत ओरडून सांगतो: वाऱ्याकडे पाठ करून फवारा, म्हणजे औषध पुढे जातं. दादाही तसंच फवारायचा. तरी आजारी पडला, हे तेव्हा माझ्या डोक्यात का आलं नाही कोण जाणे. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर मांडून दाखवते, तुमची खात्री होईल.

गणपतीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. मी वहिनीला फोन करून दादाची मापं घ्यायला लावली. उंची, खांद्यांची रुंदी, पंप पाठीवर असताना किती जाडी होते ते. शर्ट शिवून राह्यली का, असं त्याने मागून विचारलेलं मला ऐकू आलं. मग पऱ्हाटी मांडली. आमच्याकडे कापूस फुलीवर लावतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर, डवरा, म्हणजे तण काढायचं बैलांचं कोळपं, उभा आणि आडवा दोन्हीकडून फिरावा म्हणून. माझे गाईड पुण्याकडचे. त्यांनी व्हिडिओ कॉलवर ते चित्र पाहून विचारलं की झाडं अशी बुद्धिबळाच्या पटासारखी का. मी डवरा समजावला. ते म्हणाले, एका दिशेच्या ओळी घ्या, सोपं जाईल. सोपं कोणाला जाईल? मला राग आला. फुली तशीच ठेवली.

जुन्या मॉडेलने उत्तर झटकन दिलं. वारा दादाच्या पाठीवर येतो, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जातो, आणि फवाऱ्याचा ढग शहाण्या मुलासारखा त्याच्यापासून लांब जातो. मी वहिनीला लगेच कळवणार होते. पण सवय वाईट, म्हणून नवं मॉडेलही लावून बघितलं.

त्यात ढग पुढे गेला आणि परत आला. माणसाच्या अंगामागे, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने मागे आणि दादाच्या दृष्टीने त्याच्या तोंडासमोर, हवेला एक पोकळ जागा मिळते. तिथे भोवरा बसतो. त्या भोवऱ्याने थेंब गुडघ्यापाशी पकडले, छातीवरून वर चढवले आणि जिथे तोंड असतं तिथे आणून फिरवत ठेवले. पडद्यावर ते निळ्या-पिवळ्या रंगात फार सुंदर दिसत होतं. आणि त्याच वेळी प्रोग्राम कोसळला. लहान भोवरे मोठ्यांना देत सुटले की असं होतं, आकडे उधळतात, हवेचा वेग तोफगोळ्याचा होतो आणि सगळं बंद पडतं.

आता यावर विश्वास ठेवायचा की नाही? ढग तोंडाकडे वळला तेव्हा आकडे शहाणे होते की आधीच सुटले होते? मी गाईडना विचारलं. ते म्हणाले, त्यात काय, जिथे लहान भोवरे परत देतात तिथे शून्य भरा, सगळे तेच करतात. मी शून्य भरलं. प्रोग्राम सुरळीत चालला. ढग छातीपर्यंत आला आणि तिथेच लोंबकळला, ना पुढे ना वर.

म्हणजे तीन उत्तरं झाली. लांब जातो, तोंडात जातो, छातीवर राहतो. वारा तोच, माणूस तोच, फक्त मला न दिसणाऱ्या भोवऱ्यांविषयी मी काय मानते एवढाच फरक. मी डबे लहान करून पाहिले, की न दिसणारं कमी होईल आणि अंदाजही कमी लागेल. उत्तर पुन्हा बदललं, आणि तेही कोणत्याच आधीच्या उत्तराकडे गेलं नाही. त्या लॅबमध्ये पंख्याखाली बसून मी रडले. सूक्ष्म ताणावर मी लेख लिहिले होते, पोरांना शिकवलं होतं, परिषदेत उभी राहून बोलले होते, आणि माझ्या भावाने कोणीकडे तोंड करावं हे मला सांगता येत नव्हतं.

वहिनीने पुन्हा फोन केला. सोमवारी फवारायचं ठरलं होतं. मी शनिवारी एसटी धरली.

दादाला लॅपटॉप दाखवला. त्याने बराच वेळ त्या राखाडी पुतळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, याले हात काहून नाईत? मी सांगितलं की हात घातले तर डबे फार वाढतात. हातांशिवाय पंप कोण चालवतो हे त्याला विचारायचं असेल, पण तो स्वभावाने चांगला आहे. मी तिन्ही चित्रं लावली. पहिलं पाहून त्याने मान हलवली, दुसरं पाहून हलवायची थांबवली, तिसऱ्याला त्याने माझ्याकडे पाहिलं.

“म्हंजे तुले माईत नाई.”

“नाही.”

वहिनी दारात उभी होती. तिला वाटलं मी काहीतरी लपवते आहे, डॉक्टर लपवतात तसं. मी शपथ घेऊन सांगितलं की खरंच माहीत नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? तिने मला शिकायला पाठवणाऱ्या सगळ्यांची एकदम कीव केली असावी.

मग मला आमच्या पाण्याच्या प्रयोगशाळेची आठवण झाली. तिथे प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात रंग सोडतात. मी वहिनीकडे कपड्यांची नीळ मागितली. दादाने यंदा नवा बॅटरीचा पंप घेतला होता, त्यात अजून औषध पडलं नव्हतं. त्यात नीळ कालवली. दादाचे दोन पांढरे शर्ट काढले. बेत असा की एक शर्ट घालून वाऱ्याकडे पाठ करून फवारायचं, मग दुसरा घालून वारा आडवा ठेवून, म्हणजे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे जाईल असा. फुलीचं वावर असल्याने दोन्ही दिशांनी चालता येत होतं. माझ्या मनात तर्क असा होता की नवं मॉडेल खरं असेल तर पाठ करून चालताना छाती निळी होईल, आणि वारा आडवा असला की भोवरा तोंडासमोर बसणार नाही, एका बाजूला बसेल. किट घातलं नाही. कृषी खात्याने दिलेला प्लॅस्टिकचा सूट, चष्मा आणि मास्क खुंटीवर होते. नुसतं पाणीच तर आहे, असं तोही म्हणाला आणि मीही म्हणाले.

रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही वावरात गेलो. पऱ्हाटी दादाच्या खांद्याला लागत होती. तो पहिला शर्ट घालून आत शिरला आणि मला फक्त त्याचं डोकं आणि नळीचं टोक दिसत राहिलं. आजूबाजूच्या वावरातले लोक काम सोडून बघत होते. निळा फवारा पाहून कोणीतरी हे कोणतं नवीन औषध म्हणून ओरडून विचारलं. दादाने माझ्याकडे बोट दाखवलं.

तो बाहेर आला तेव्हा छातीवर, पोटावर आणि गळ्यापाशी निळे ठिपके होते. दाट नाही, पण मोजायची गरज नव्हती, लांबून दिसत होते. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. भावाच्या छातीवर विष येतं हे सिद्ध झाल्यावर टाळ्या वाजवणारी बहीण गावाने त्या दिवशी पाहिली. मग दुसरा शर्ट. आडव्या वाऱ्यात तो चालून आला तर एक बाही निळी, छाती जवळजवळ कोरी. मला नाचावंसं वाटलं. लहान भोवरे देतात, परत देतात, आणि माझं कोसळणारं मॉडेल कोसळता कोसळता खरं बोलत होतं. मी दोन्ही शर्टांचे फोटो काढले, गाईडना पाठवले. दादा बांधावर बसून पाणी प्यायला, तिथे ठेवलेल्या त्याच्या दुपट्ट्यात नाक शिंकरलं, आणि तो दुपट्टा बघत राहिला.

मी जवळ गेले. दुपट्ट्यावर निळं होतं.

शर्टावरच्या ठिपक्यांपेक्षा ते वेगळं दिसलं. ते आतून आलं होतं. वहिनीने ते पाहिलं आणि तिथून निघून गेली, घराकडे, मागे न पाहता. दादाने पुन्हा नाक शिंकरलं आणि पुन्हा निळं आलं. “हे कव्हाचं?” त्याने विचारलं. पहिल्या खेपेचं की दुसऱ्या?

आणि मला सांगता येईना. मी शर्ट बदलायला लावला होता. नाक धुवायला लावलं नव्हतं. इतका विचार करून, मापं घेऊन, दिशा पाहून प्रयोग केला आणि माणूस श्वास नाकाने घेतो हे विसरले. जे हवं होतं ते एकाच जागी होतं आणि तिथेच दोन्ही खेपा मिसळल्या होत्या. कदाचित सगळी निळाई पहिल्या खेपेची असेल, म्हणजे आडवा वारा चांगला. कदाचित दुसऱ्या खेपेत छाती कोरी राहिली तरी नाकात तेवढंच गेलं असेल, म्हणजे शर्टाला काही अर्थ नाही. मी दादाला म्हटलं पुन्हा करू. त्याने वर पाहिलं. तोवर वारा पडला होता, पऱ्हाटीचं पानही हलत नव्हतं.

दुपारी गाईडचा फोन आला. ते म्हणाले की फोटो रोचक आहेत, पण दोन शर्टांवरून काही ठरत नाही, वाऱ्याचा वेग दोन्ही वेळा सारखा होता का? मला माहीत नव्हतं. झाडांची उंची मोजली का? नाही. ते रागावले नाहीत, उलट समजुतीने बोलले, आणि त्यामुळे मला आणखी चीड आली. मला विचारायचं होतं की सर, उद्या सकाळी तो फवारणार आहे, तुम्ही असता तर काय सांगितलं असतं? मी विचारलं नाही. ते प्रामाणिक आहेत, त्यांनी माहीत नाही असंच सांगितलं असतं.

जेवताना वहिनीने एकदाच सुचवलं की या खेपेला फवारूच नका. दादा म्हणाला की पानं आत्ताच लाल पडायला लागलीत. तेही खरं होतं. घरात प्रत्येक जण खरं बोलत होता आणि त्यातून काहीच ठरत नव्हतं.

सोमवारी सकाळी तो उठला तो आधी खुंटीपाशी गेला. सूट घातला, चष्मा लावला, मास्क बांधला. त्या उकाड्यात पऱ्हाटीत शिरल्यावर सूटमध्ये जीव गुदमरतो, मास्क ओला होऊन तोंडाला चिकटतो, म्हणून गावात कोणी घालत नाही, तोही कधी घालत नसे. माझ्या तिन्ही चित्रांनी जे झालं नाही ते त्या दुपट्ट्याने केलं. मला बरं वाटलं, पण अर्धवटच, कारण मास्क किती अडवतो हेही मला माहीत नव्हतं. निघताना त्याने विचारलं, “सांग, कसा चालू?”

“आडवा,” मी म्हटलं. “वारा खांद्यावरून जाऊ दे.”

पक्कं का, असं त्याने विचारलं नाही. त्यासाठी मी त्याची आजन्म ऋणी आहे.

वारा आडवा ठेवायचा तर वारा कुठून येतो ते सतत बघायला हवं, आणि पऱ्हाटीत शिरलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाला ते कळत नाही. म्हणून मी एका तुराटीला, तुरीच्या वाळक्या काडीला, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि ती हातात धरून बांधावर जाऊन उभी राहिले. वारा फिरला की मी हात करायची. दादा थांबायचा, मान हलवायचा आणि उभा तास, म्हणजे उभी ओळ, सोडून आडव्या तासाला लागायचा. पुन्हा वारा फिरला की पुन्हा उभा. वावराचा एक कोपरा झाला, मग दुसरा. त्या सकाळी वारा वेड्यासारखा फिरत होता आणि मी त्याच्या मागे मागे बांधावरून पळत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता. इतक्या दिवसांनी मला काहीतरी करता येत होतं. डोक्यात मॉडेल नव्हतं, डबे नव्हते, फक्त ती चिंधी, माझा हात आणि चष्म्यातून माझ्याकडे बघणारा दादा.

मग तो मध्येच थांबला. मी काही खूण केली नव्हती. त्याने पंपाचं बटण बंद केलं आणि मास्क हनुवटीवर ओढला. माझं डोकंच फिरलं. मी बांधावरून ओरडले की आधी मास्क वर घे, कशाला काढलास.

“माह्यं सोड,” तो म्हणाला. “तू कोठी उभी हायस थे पाय.”

मी चिंधीकडे पाहिलं. तिचं टोक सरळ माझ्या तोंडाकडे होतं. ओठांवर कडू चव आली होती, आणि ती केव्हापासून होती ते मला आठवेना.